सांबर जिकडे पाहतं

१

मी शिकारीला गेलो नव्हतो. मला पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं होतं, आणि त्यासाठी कोणी गाढवं राखायला बोलावलं असतं तरी मी गेलो असतो.

दोन हजार वीसचा हिवाळा ज्यांनी मेलबर्नमध्ये काढला त्यांना हे समजावून सांगायला नको. घरापासून पाच किलोमीटर, दिवसातला एक तास, तोंडावर मास्क आणि रात्री कर्फ्यू. वेरिबीतल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये टेबल टाकून मी दिवसभर ड्रेनेजचे नकाशे काढायचो आणि काम संपलं की विक्रांतबरोबर नदीकाठी चालायला जायचो. विक्रांत आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. मूळचा ठाण्याचा, शिकायला आला तो इथलाच झाला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. लग्न मोडलेलं, आईवडील गेलेले, त्यामुळे घरात तो आणि त्याची कुत्री एवढाच संसार.

कुत्रीचं नाव मंजुळा. हॅरिअर जातीची, माग काढणारी शिकारी कुत्री. ही जात नुसती भुंकत नाही, लांब सूर लावते. मंजुळाने नदीकाठी सूर लावला की पलीकडच्या घरांतले लोक खिडक्या उघडायचे, काही शिव्या द्यायला आणि काही नुसतं ऐकायला. तिचा आणखी एक आवाज होता. विक्रांत कामावरून घरी आला की ती नाकातून बारीक, शेवटी वर चढत जाणारा एक आवाज काढायची. दारातलं लहान पोर ‘आलास?’ म्हणून विचारतं, तसा. तो फक्त विक्रांतसाठी होता. मी तिला इतकी बिस्किटं चारली, पण मला तो कधी मिळाला नाही.

‘‘ही नसती ना यतिन, तर मी या लॉकडाउनमध्ये वेडा झालो असतो,’’ विक्रांत म्हणायचा. तो विनोद करत नव्हता.

नोव्हेंबरमध्ये शहराभोवतीचा पोलिसांचा वेढा उठला आणि लगेच कॉलिनचा फोन आला. कॉलिन म्हणजे ज्याने मंजुळा पिल्लू असताना विक्रांतला दिली तो म्हातारा. पूर्वी विक्रांतच्या गोदामात ट्रक घेऊन यायचा, आता गिप्सलँडमध्ये आपल्या जमिनीवर एकटा राहायचा. शिकारीचा हंगाम महिनाअखेर संपत होता. ‘मँजीला घेऊन या,’ तो म्हणाला. मंजुळा हे नाव त्याच्या जिभेवर एवढंच टिकलं होतं.

माझी बायको दीप्ती म्हणाली, ‘‘जा बाबा, गॅरेज तरी झाडून घेईन.’’

२

कॉलिनच्या कुरणांच्या मागे एकदम उभं रान सुरू होतं. उंचच उंच निलगिरी, त्यांच्या खाली माणसाहून उंच नेच्यांची झाडं आणि मधून उतरत गेलेल्या खोल घळी. शिकारीची पद्धत सोपी होती. कुत्री घळीत सोडायची. ती माग काढून जनावराला वर हुसकावतात. माणसं डोंगराच्या वरच्या धारेवरून बग्गी घेऊन त्यांच्या आवाजामागे जातात. बग्गी म्हणजे चार जाड चाकं, पाइपांचा सांगाडा आणि मागे कुत्र्यांचा पिंजरा. कुत्र्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे असतात आणि हातातल्या पडद्यावर प्रत्येक कुत्रं एक ठिपका होऊन दिसतं. तो पडदा माझ्याकडे दिला होता. बंदूक कॉलिनकडे होती. मला ना परवाना होता, ना हौस.

आणि जनावर होतं सांबर. हो, आपलंच. दीडशे वर्षांपूर्वी कोणा साहेबांनी शिकारीच्या हौसेपायी जहाजात घालून इथे आणलं आणि ते इथे असं रुजलं की विचारू नका. त्याला इथे कोणी खाणारं नाही, म्हणून तर ते एवढं माजलं.

सांबर म्हटलं की मला बाबा आठवतात. माझे वडील सदानंद चंद्रपूरकडे वनरक्षक होते, आणि माझं लहानपण रानाच्या काठावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. गावातले लोक रानात शिरताना वाघोबाच्या दगडाला हात जोडायचे, बाबा बाजूने निघून जायचे. पण रानात असताना त्या जनावराचं नाव त्यांनीही कधी घेतलं नाही. ‘मोठा’ म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘श्रद्धा नाही रे ते, रीत आहे.’’

सांबराच्या ओरडण्याबद्दलही त्यांचं असंच पक्कं होतं. माकड घाबरट, चितळ उगाचच ओरडतं, पण सांबर खात्री झाल्याशिवाय ओरडत नाही. ते ‘ढाँक’ ऐकू आलं की बाबा माझं मनगट धरायचे. ‘‘हलू नको. सांबर कुठं पाहते, ते पाह्य पह्यले.’’

हे मी जेवताना कॉलिनला सांगितलं. तो मनसोक्त हसला. इथे सांबर ओरडलं तर त्याचा अर्थ एकच, तो म्हणाला, त्याने तुला पाहिलंय, मेट, बंदूक गुंडाळ आणि घरी जा.

मग बिअरचा घोट घेऊन, जरा वेळाने तो म्हणाला की या हिवाळ्यात मात्र सांबरं विचित्र वागताहेत. संध्याकाळ झाली की रानातून निघून त्याच्या घराशी येतात आणि शेडच्या भिंतीला पाठ लावून उभी राहतात. चरत नाहीत. तो बाहेर आला, दिवा लावला, ओरडला, तरी हलत नाहीत. त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

‘‘मग कुठे बघतात?’’ मी विचारलं.

कॉलिनने अंगठ्याने मागच्या रानाकडे खूण केली आणि ताटल्या उचलल्या.

३

सकाळी निघालो तेव्हा हवा इतकी स्वच्छ होती की मास्क खिशात कोंबून मी नुसते श्वास घेत होतो. धारेवर पोचल्यावर झाडीत करवत चालल्याचा आवाज आला, मग कॅमेऱ्याची खटखट, मग कुत्र्याचं भुंकणं. मी इकडे तिकडे बघायला लागलो तसा विक्रांत हसला.

‘‘लायरबर्ड आहे रे. कोंबडीएवढा पक्षी. जे ऐकतो ते सगळं काढून दाखवतो.’’

‘‘स्वतःचं काही बनवत नाही तो,’’ कॉलिनने पुस्ती जोडली. ‘‘ऐकलेलं असेल तेवढंच बोलतो.’’

कुत्री सोडली. थोड्या वेळाने खालून मंजुळाचा सूर उठला आणि मागोमाग कॉलिनच्या तीन कुत्र्यांनी साथ धरली. मी शिकारीच्या विरुद्ध आहे, पण त्या आवाजाने माझ्या अंगावर रोमांच आले हे कबूल करतो. सगळी घळ भरून गेली होती. बग्गीचं इंजिन नुसतंच धडधडत होतं, मागच्या सीटवर विक्रांत पाइपला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा लेकीचं गाणं ऐकणाऱ्या बापासारखा झाला होता.

मग तो सूर मध्येच तुटला. चौघांचाही, एकाच वेळी.

कॉलिनच्या कपाळाला आठ्या पडल्या. जनावर अडवलं की कुत्री जास्त ओरडतात, गप्प बसत नाहीत. त्याने माझ्या हातातला पडदा पाहिला. चारही ठिपके घळीच्या तळाशी होते आणि एकही हलत नव्हता.

तेव्हा ते ओरडलं. ढाँक.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. कॉलिनच्या हाताखालून हात घालून मी बग्गीची चावी फिरवली होती आणि इंजिन बंद केलं होतं. बाबांच्या खात्याच्या जीपमध्ये ड्रायव्हर हेच करायचा. आपला आवाज थांबल्याशिवाय रानाचा ऐकू येत नाही. मी सॉरी म्हणालो. कॉलिनने पुन्हा चावी फिरवली नाही.

समोरच्या उतारावर, नेच्यांच्या मोकळ्या जागेत, एक सांबराची मादी उभी होती. शेपटी ताठ, पुढचा एक पाय जमिनीवर आपटत होती. कुत्री तिच्या खाली डावीकडे होती. आम्ही तीन माणसं, बग्गी आणि बंदूक तिच्या अगदी समोर उघड्यावर होतो. आमचं तिला काही पडलं नव्हतं. ती उजवीकडे, घळ जिथून सुरू होते तिकडे, वर पाहत होती.

डिंगो, म्हणजे इथला रानकुत्रा असेल, असं मी मनाशी म्हणालो. पळून रानटी झालेली पाळीव कुत्री असतील. आणि ते दोन्ही नसेल, तर हवा तिकडून येत असेल आणि कोणी दुसरा शिकारी असेल. ही सगळी कारणं चांगली होती. फक्त सांबर डिंगोला असं ओरडत नाही, हे मला ठाऊक होतं.

४

कॉलिनची तीन कुत्री परत आली. पळत नव्हती. पोटं जमिनीला घासत आली आणि न बोलावता बग्गीच्या खाली शिरली. कुणालाही जखम नव्हती. मंजुळा आली नाही. तिचा ठिपका तसाच घळीत होता.

विक्रांतने हाका मारल्या. ‘‘मंजुळाऽ, ये! ये गं!’’ त्याचा आवाज घळीतून फिरून आमच्याकडेच परत आला. मग त्याने वॉकीटॉकी कमरेला लावला.

‘‘थांब जरा,’’ मी म्हणालो.

‘‘पाय अडकला असेल तिचा. मी घेऊन येतो.’’

‘‘विक्रांत, थांब म्हणतोय ना.’’

‘‘तिच्याशिवाय मी त्या घरात परत जाणार नाही, यतिन,’’ असं म्हणून तो उतरलासुद्धा. नेच्यांची पानं त्याच्यामागे मिटली आणि तो दिसेनासा झाला.

पुन्हा ढाँक झालं. पण या वेळी समोरच्या मादीने नाही, तिच्या खालच्या बाजूच्या कुठल्या तरी दुसऱ्या सांबराने. थोडा वेळ शांतता, मग आणखी खालून तिसऱ्याने. पहिली मादी आता गप्प झाली होती आणि तिची मान हळूहळू वळत होती.

मी नकाशे काढणारा माणूस आहे. कुठलं चेंबर आधी तुंबलं आणि कुठलं नंतर, यावरून जमिनीखाली पाणी कुठून कुठे चाललंय ते मी सांगू शकतो. बाबा तसंच आवाजांवरून सांगायचे. एक सांबर ओरडून गप्प झालं आणि पुढचं ओरडायला लागलं, की मोठा चालतोय. किती सावकाश चालतोय तेही कळायचं. मी घळीकडे पाहत आवाज जोडत गेलो. जे काही होतं ते घळीच्या तळातून, अजिबात घाई न करता, खाली उतरत होतं. खाली मंजुळा होती आणि मंजुळाकडे विक्रांत चालला होता.

या देशात ते जनावर नाही. हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. एखाद्या सर्कशीतून सुटलं असेल म्हणावं तर वर्षभर सर्कशी बंद होत्या. मी बोललो आणि काही नसलं, तर विक्रांत जन्मभर मला ‘वाघोबा’ म्हणून हाक मारणार होता. आणि बोललो नाही आणि असलं, तर? मी कॉलिनच्या समोरचा वॉकीटॉकी उचलला.

‘‘विक्रांत, आहेस तिथे उभा राहा.’’

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. आता मागे फीर आणि चालत वर ये. पळू नकोस. काही झालं तरी पळू नकोस.’’

‘‘अरे मंजुळा इथेच आहे. दिसतेय मला. बसलीये. बघतेय कशाकडे तरी.’’

‘‘तिला राहू दे.’’

‘‘डोकं फिरलंय का तुझं? आहे काय तिथे?’’

रानडुक्कर म्हटलं असतं, साप म्हटलं असतं, काहीही चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं, ‘‘मोठा आहे.’’

‘‘कोण मोठा?’’

वॉकीटॉकीवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत म्हणाला, ‘‘यतिन, ती शेपूट हलवतेय.’’

‘‘चालत ये,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्यासाठी ये. प्लीज.’’

५

विक्रांत यायच्या आधी सांबर आलं.

आमच्या उजव्या हाताची नेची बाजूला झाली आणि एक पूर्ण वाढलेला नर बाहेर पडला. मानेवर राठ केस, काळपट ओलसर अंग, शिंगं इतकी रुंद की ती घेऊन त्या झाडीतून तो आला कसा कोण जाणे. याच्यासाठी कॉलिनने आयुष्यातले कितीतरी हिवाळे थंडीत काढले होते. तो चालत आला आणि बग्गीच्या बाजूला उभा राहिला. मी हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. त्याच्या अंगाचा गवताचा आणि चिखलाचा वास माझ्या नाकात शिरला. त्याची नाकपुडी थरथरत होती.

बग्गीखालच्या कुत्र्यांनी हूं की चूं केलं नाही. एक कुत्रं तर सरकून त्याच्या पायांशी जाऊन बसलं. मग मागून एक मादी आली, तिच्यामागे एक पाडस, आणि तीही येऊन उभी राहिली. कॉलिनच्या मांडीवर बंदूक होती. त्याने ती हळूच पायांशी ठेवली आणि टोपी काढली.

शेडच्या भिंतीपाशी ती का येत होती, ते मला तेव्हा कळलं. माणसाला ती घाबरायची थांबली नव्हती. फक्त आम्ही त्यांच्या हिशेबात आता लहान झालो होतो.

विक्रांत वर आला. चेहरा पांढराफटक, पण चालतच आला. त्याने सांबराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पाडसाच्या शेजारी उभा राहून वळला. आता माणसं, कुत्री, सांबरं, सगळे एकाच दिशेला तोंड करून होते. पक्षी थांबले होते. माझ्या आयुष्यात मी इतक्या जिवांबरोबर इतका गप्प कधी उभा राहिलो नाही.

खाली घळीच्या पलीकडे दोन जुनी झाडं होती आणि त्यांच्यामध्ये उन्हाचा एक पट्टा पडला होता. त्या पट्ट्यातून ते गेलं.

लहानपणी मी एकदा त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं होतं. आधी डोकं, मग खांदे, मग सुटलेलं पोट, मग शेपूट, आणि संपलं. त्यामुळे काय पाहायचं ते मला ठाऊक होतं. डोकं मला दिसलं नाही, ते आधीच झाडाआड गेलं असावं. खांदा दिसला. त्याची वरखाली होणारी सावकाश चाल मी कुठेही ओळखली असती. अंगावर पट्टे होते की नेच्यांच्या सावल्या होत्या ते मी सांगू शकत नाही. खांद्यामागे अंग आलं आणि येतच राहिलं. नेची त्याच्या वजनाने वाकत होती आणि परत उठत नव्हती. मी शेपटीची वाट पाहत राहिलो. ऊन त्या अंगावरून सरकत होतं, केस न् केस दिसत होता, आणि शेपूट काही येईना.

मला भीती वाटली का, तर वाटली. पण भीतीच्याही वर दुसरं काहीतरी होतं. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं आणि ते संपू नये असं मला मनापासून वाटत होतं. माझे हात जोडलेले होते. ते कधी जोडले ते मला माहीत नाही.

मग ऊन पुन्हा नुसतं ऊन झालं. शेजारच्या नराने मोठा श्वास सोडला, मान हलवली आणि तिघंही आली तशी रानात निघून गेली. एकदाही आमच्याकडे न बघता.

६

मंजुळा आली नाही. पडद्यावर तिचा ठिपका मात्र हलायला लागला होता. पळत नव्हता, थांबत नव्हता, वाट चुकत नव्हता. रोज संध्याकाळी नदीकाठी ती विक्रांतच्या शेजारून जशी चालायची, तसा तो चालत होता. घळ संपली, पुढचा डोंगर चढला आणि पट्टा टप्प्याच्या बाहेर गेला.

विक्रांतने आणि मी दोन दिवस ते रान पिंजून काढलं. कॉलिन बग्गी चालवायचा, पण घळीशी आला की उतरायचा नाही. रक्त नाही, केस नाहीत, पट्टा नाही. वाकलेली नेची तेवढी तशीच होती. कॉलिनला मी विचारलं, काय पाहिलंस? तो म्हणाला की उन्हात डोळे दिपले होते. त्याने बंदूक पुसून कपाटात ठेवली. नंतर ती विकल्याचं कळलं.

मी बाबांना फोन केला. त्यांनी मला वेड्यात काढावं अशी माझी फार इच्छा होती.

‘‘सांबर कुठं पाहत होतं?’’ त्यांनी आधी हे विचारलं.

मी सगळं सांगितलं. शेपटीचंही सांगितलं.

‘‘तिथं तो नसते, बाबा,’’ मी म्हणालो. घरी बोलताना माझी भाषा आपोआप तिकडची होते.

‘‘नसंन,’’ ते म्हणाले. ‘‘पण सांबर कायले खोटं बोलंन? हात जोडले का तू?’’

‘‘जोडले.’’

‘‘काऊन जोडले?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘मग ठीक आहे,’’ म्हणाले, आणि दीप्तीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

विक्रांतने मंजुळाची वाटी धुऊन मागच्या दाराशी तशीच ठेवली. संध्याकाळी आम्ही दोघंच चालायला जायचो. तो फार बोलायचा नाही, पण फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा. ‘‘मी तिला सोडून आलो. मला दिसत होती ती. शेवटी ती किती घाबरली असेल रे?’’ मीच त्याला परत बोलावलं होतं, आणि त्याने मला एकदाही तसं म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबा चंद्रपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये कोविडने वारले. सीमा बंद होत्या. मी गॅरेजमध्ये बसून फोनच्या पडद्यावर त्यांचा अंत्यविधी पाहिला. विक्रांत माझ्या शेजारी खुर्ची ओढून शेवटपर्यंत बसून होता.

७

मे महिन्यात तो म्हणाला, ‘‘एकदा जाऊन येऊ या.’’ मी नाही म्हणू शकलो नाही. पुन्हा लॉकडाउन लागणार अशी कुजबुज सुरू झाली होती.

कॉलिन गुडघा दुखतो म्हणून घरीच थांबला. बग्गीची चावी त्याने मुकाट्याने दिली. या वेळी कुत्री नव्हती, बंदूक नव्हती. धुकं उतरलं होतं आणि नेच्यांवरून पाणी ठिबकत होतं. त्याच जागी आलो आणि मी इंजिन बंद केलं.

खाली लायरबर्ड बोलत होता. इथे मे म्हणजे थंडीची सुरुवात, आणि थंडीत तो भरात येतो, तासन्‌तास थकत नाही. आधी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढले, मग करवत, मग बग्गीचं इंजिन. आम्ही दोघं बोनेटला टेकून ऐकत होतो. विक्रांतच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा हसू आलं.

मग मंजुळाचा सूर उठला.

विक्रांत ताठ झाला. मी त्याच्या कानाशी म्हणालो, ‘‘पक्षी आहे. नुसता पक्षी आहे.’’ त्याने मान हलवली, पण डोळे भरून आले होते. सूर मध्येच तुटला, तसाच तुटला जसा त्या दिवशी तुटला होता. मग ढाँक. मग विक्रांतचाच आवाज, लांबून आल्यासारखा, ‘मंजुळाऽ, ये! ये गं!’ त्या दिवशीचं सगळं तो पक्षी ऐकत होता, आणि आम्ही ऐकलं नाही तेही त्याने ऐकलं होतं.

थोडा वेळ नुसतं पाणी ठिबकत राहिलं. मग पक्ष्याने एक आवाज काढला. एवढ्याशा छातीतून तो निघाला कसा हे मला सांगता येणार नाही. खूप खालचा, फारच सावकाश आवाज होता, कानापेक्षा बोनेटला टेकलेल्या पाठीला जास्त कळला. चंद्रपूरच्या क्वार्टरमध्ये, थंडीतल्या रात्री, पलंगावर पडून मी तो ऐकलेला आहे.

आणि त्याच्यावर लगेच, नाकातून, बारीक, शेवटी वर चढत गेलेला मंजुळाचा दुसरा आवाज.

आलास?

विक्रांतने तोंडावर हात दाबला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं तो कोसळणार, पण त्याने हात काढला तेव्हा त्याचा चेहरा स्वच्छ झाला होता. गेल्या सहा-सात महिन्यांचं ओझं त्यावर नव्हतं.

‘‘घाबरली नव्हती रे ती,’’ तो म्हणाला. ‘‘ऐकलंस ना? ती खूश होती.’’

‘‘ऐकलं.’’

‘‘ती त्याला ओळखत होती.’’

पक्षी गप्प झाला होता. रानातलं सगळंच गप्प झालं होतं. मग आमच्या पाठीमागून, जिकडून आम्ही आलो होतो त्या वाटेवरून, ढाँक झालं. हा पक्षी नव्हता. धुक्यात एक सांबर उभं होतं, पुढचा पाय आपटत होतं, आणि आमच्या डोक्यावरून घळीकडे पाहत होतं.

विक्रांतने एक पाऊल पुढे टाकलं. घळीच्या दिशेने, अगदी सहज, घरी निघाल्यासारखं. मी त्याचं मनगट धरलं. त्याने ओढलं नाही, पण थांबलाही नाही. त्याचा सगळा हात माझ्या मुठीत हळूहळू ताणला जात होता.

‘‘हलू नको,’’ मी म्हणालो. आवाज बाबांचा निघाला.

खाली नेची वाकायला लागली होती. एका बाजूला, सावकाश, आमच्याकडे येत. मला पळावंसं वाटत नव्हतं, हे मला लिहून ठेवायचं आहे. मला तिथे जायचं होतं. लहानपणापासून मला तिथेच जायचं होतं, असं त्या क्षणी मला लख्ख कळलं. मी विक्रांतचं मनगट आणखी घट्ट धरलं.

माझं धरायला आता कोणी नव्हतं.